करकर वाजेपर्यंत धुतलेला चेहरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
वय 23. बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून ही मुलगी रोज बसने शहरात येते आणि साडीच्या दुकानात काउंटरला उभी राहते. सकाळी नऊला धुतलेलं तोंड अकरापर्यंत कपाळ, नाक आणि हनुवटीवर तेलाने चकाकायला लागतं. गाल मात्र ओढल्यासारखे होतात, नाकाच्या दोन्ही कडांना पापुद्रे सुटतात. मालकांनी एकदा गिऱ्हाइकांसमोरच ‘आधी तोंड धुऊन ये जा’ म्हटलं. तेव्हापासून ती दुकानातल्या बेसिनवर, हात धुवायला ठेवलेल्या लिक्विडने दिवसातून पाच-सहा वेळा तोंड धुते. वर्षभरात तीन फेसवॉश घेऊन झाले: काळा कोळशाचा, हिरवा कडुनिंबाचा आणि दाणेदार केशरी. आई म्हणते, सगळं फेकून दे, डाळीचं पीठ लाव. वहिनी म्हणते, कपाळाला एक आणि गालाला एक असे दोन घे. मैत्रिणीने एक ट्यूब दिली आहे, ‘आठ दिवसांत चेहरा काचेसारखा होतो’ म्हणून. ती विचारते: ‘काकू, माझी स्किन ऑइली की ड्राय? नेमका कुठला फेसवॉश घेऊ? दोनशेच्या वर जमत नाही. आणि मला अहो-जाहो करू नका.’

अगं पोरी,

तुझं पत्र वाचून झालं तशी मी उठून बेसिनपाशी गेले आणि आमच्याकडचं हात धुवायचं लिक्विड एका गालाला लावून बघितलं. या वयात कोणी सांगितलं होतं! पाच मिनिटांत तो गाल असा ओढला की हसताना तोंड वाकडं होतंय असं वाटायला लागलं. तू हे रोज पाच वेळा करतेस, तेही एसीत उभी राहून. तळहाताची कातडी जाड असते, दिवसभर भांडी-कपडे सोसते. ते लिक्विड तिच्यासाठी केलेलं आहे, गालासाठी नव्हे. ते आजपासून बंद. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

एक सांगून ठेवते, मी डॉक्टर नव्हे. शहापुरात तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरच्या आत उभी राहिले, तू साड्यांच्या काउंटरला राहतेस तशी. त्यामुळे माणसं काय मागतात, घरी नेऊन काय करतात आणि महिन्याभराने काय तोंड घेऊन परत येतात, एवढं मी भरपूर बघितलंय.

आधी मालकांचं बोलू. साडीच्या दुकानात दिवे कशासाठी लावतात? जरीचा काठ उठून दिसावा म्हणून. त्या दिव्यांखाली काठ चमकतो, काउंटरची काच चमकते, मालकांचं टक्कल चमकतं, मग तुझंच कपाळ कसं मागं राहील? घरी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात एकदा आरशात बघ. दुकानात दिसतं त्याच्या निम्मंही तेल दिसणार नाही. गिऱ्हाईक पदर बघायला येतं. आणि चारचौघांत असं बोलायची ही रीत नव्हे, हे मालकांना कोणीतरी सांगायला हवं. तू सांगू शकणार नाहीस, ते मला कळतं.

तरी तुझ्या मनात एक गोष्ट पक्की बसलीय, ती काढून टाकू. तेल म्हणजे मळ नव्हे. आपल्या कातडीत बारीक ग्रंथी असतात, त्या मेणासारखं तेल सोडतात. कपाळ, नाक आणि हनुवटीवर या ग्रंथी दाटीने असतात, गालाच्या कडेला कमी. म्हणून तुझ्यासारखा चेहरा, मधे तेलकट आणि बाजूला कोरडा. याला कॉम्बिनेशन स्किन म्हणतात, आणि तो काही रोग नाही. आपल्यात पुष्कळ पोरी-पोरांचा असाच असतो. ‘ऑइली की ड्राय’ असं विचारलंस, त्याचं उत्तर ‘दोन्ही’.

या ग्रंथी हुकूम मानतात हार्मोन्सचा. साबणाचा नाही. फेसवॉश वर आलेलं तेल धुऊन नेतो, आतली गिरणी बंद करत नाही. त्यामुळे कुठल्याही बाटलीने धुतलंस तरी काही तासांनी कपाळावर तेल येणारच. ‘ऑइल कंट्रोल’ लिहिलेल्या बाटलीनेही येणार. तिन्ही फेसवॉश फसले असं तुला वाटतंय ते यामुळे. जे काम कुठल्याच फेसवॉशला जमत नाही ते तू त्यांना सांगितलंस.

मग बिघडलं काय? गाल. धुतल्यावर बोट फिरवलं की ताट घासल्यासारखं करकर वाजलं पाहिजे, तेव्हाच स्वच्छ झालं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. माझी आई पण मानायची. ती करकर म्हणजे कातडीचं स्वतःचं तेलपाणी धरून ठेवणारा थर निघून गेल्याचा आवाज. कातडी थोडी आंबट असते. आंबटपणाच्या मापाला पीएच म्हणतात, आकडा जितका कमी तितकं आंबट; कातडीचा पाचच्या आसपास. ताकाहून थोडी कमी आंबट म्हण. चरबी किंवा तेल आणि कॉस्टिक, म्हणजे तीव्र क्षार, यांपासून केलेला खरा साबण पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. त्याने धुतलं की ताकावर सोडा टाकल्यासारखं होतं, आणि कातडीला पुन्हा आपल्या जागी यायला काही तास लागतात. तू ते तास तिला देतच नाहीस. ती सावरायच्या आत पुढचं धुणं!

यावर कोणी मला मैसूर सँडल दाखवेल, म्हणून आधीच बोलते. 1916 साली बेंगळुरूत सरकारी साबण कारखाना निघाला, तेव्हापासूनचं आपल्या राज्याचं ते वैभव, आणि आमच्या घरात आजही अंगाला तोच लागतो. वेष्टनावर ग्रेड 1 लिहिलेलं असतं. ग्रेड 1 म्हणजे साबणात चरबीयुक्त पदार्थ, म्हणजे टीएफएम, 76 टक्के किंवा जास्त. त्यावरून साबण भेसळीचा नाही, लवकर विरघळून जाणार नाही, एवढं कळतं. पीएच किती हे त्यावरून कळत नाही. ग्रेड 1 झाला तरी साबण तो साबणच. अंगाला खुशाल लाव, तुझ्या गालाला नको.

आता दुकानात जाऊन घ्यायचं काय. चिकोडी-गोकाककडे ‘फेसवॉश कोडरी’ म्हण, नाहीतर आपल्या गल्लीत ‘फेसवॉश द्या की’ म्हण, दुकानदाराचा हात एकाच फळीकडे जातो: ज्याची जाहिरात चालू आहे ती. बाटलीच्या पुढच्या बाजूला कोळसा, लिंबू, कडुनिंब, बर्फ काय वाटेल ते छापलेलं असतं. पुढची बाजू बघूच नकोस. बाटली उलटी कर. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते, ना मराठीत ना कन्नडात, सगळी इंग्रजीत, म्हणजे तिथे तरी भांडण नाही. जे जास्त ते आधी, अशा क्रमाने ती लिहिलेली असते, म्हणून पहिली पाच-सहा नावं वाचलीस तरी पुरे.

पाण्यानंतर लगेच मायरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड अशी तेल-चरबीतल्या आम्लांची नावं आणि त्यांच्या जवळपास पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिकच, दिसलं, तर ती ट्यूबमध्ये भरलेला साबणच आहे. दाट लोण्यासारखा फेस देणारे पुष्कळ फेसवॉश असेच असतात. आमच्या काउंटरवर बायका ‘साबण सोडला, आता फेसवॉशच लावते’ म्हणून अभिमानाने सांगायच्या आणि पिशवीत नेमका हाच असायचा. सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तेही ठेवून दे, ते कडक. त्याचा भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट त्या मानाने सौम्य; सोबत कोकामिडोप्रोपिल बिटेन आणि ग्लिसरीन असेल तर पुष्कळांना चालतो, पण तुझे गाल आधीच भाजलेत, तेव्हा आत्ता नको. तुला हवीत ती नावं अशी: सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बिटेन, ग्लिसरीन. नियासिनामाइड असेल तर बरंच. ‘पीएच 5.5’ किंवा ‘सोप-फ्री’ लिहिलं असेल तर चांगली खूण. वास जितका कमी तितकं बरं. फेस कमी येईल, त्याने बिचकू नकोस. फेसाने मळ निघत नाही, फेस आपल्या समाधानासाठी असतो.

ब्रँडचं नाव सांगा म्हणशील. नाही सांगणार. तेच नाव, तोच रंग, आणि दोन वर्षांत आतला माल बदललेला असं मी पुष्कळदा बघितलंय. यादी वाचायला शिकलीस की दोनशेच्या आतलं बरोबर हाताला लागेल. ट्यूब नको असेल तर वडीसुद्धा मिळते, सिंडेट बार म्हणतात. दिसायला साबण पण साबण नव्हे, आणि ती जास्त दिवस पुरते. फक्त पाणी साचलेल्या साबणदाणीत ठेवू नकोस, चिखल होतो.

वहिनीचं म्हणणं अगदीच खुळं नाही, पण दोन बाटल्यांचा खर्च कशाला? गालाला चालेल असा सौम्य एकच घे. कपाळाला तो पुरतो. फरक लावण्यात कर. आधी हात धू. चण्याएवढा घेऊन तळहातावर पाण्याने फेसाळ, आणि कपाळ, नाक, हनुवटीवर बोटांच्या टोकांनी वीसेक सेकंद गोल फिरव. गालावर तोच फेस शेवटी नुसता ओढून घे आणि लगेच धुऊन टाक. पाणी कोमट. बंबातलं कढत पाणी तोंडावर नको, थंडीत मोह होतो ते मला माहीत आहे. पुसायला आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा असेल तर सोन्याहून पिवळं; टिपायचं, घासायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच गालाला हलकं, पाण्यासारखं मॉइश्चरायझर लाव. कपाळाला नाही लावलंस तरी चालेल.

दिवसातून दोन वेळा पुरे. संध्याकाळचं धुणं महत्त्वाचं, बसमधली धूळ आणि दिवसभराचा घाम उतरवायचा असतो. थंडीत सकाळी नुसतं पाणी मारलंस तरी चालेल. दुकानात तेल आलं की स्वच्छ सुती रुमाल किंवा टिश्यू कपाळावर दाबून धर, दहा सेकंद. तेल कागदात जातं, गाल शाबूत राहतात, आणि मालकांना वाटतं तू तोंड धुऊन आलीस.

आता पाणी. हे तू लिहिलं नाहीस, पण मला तेच विचारायचं होतं. शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, गावाकडे पुष्कळ घरी बोअरचं. तुमच्या बंबाच्या तळाला पांढरा थर धरतो का? धरत असेल तर पाणी जड आहे. खात्री करायची तर साध्या अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस रिकाम्या बाटलीत घाल, निम्मी बाटली पाणी भर आणि खळखळून हलव. वर फेस उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ असलं तर ठीक. फेस धरेना आणि पाणी नासलेल्या दुधासारखं गढूळ झालं तर ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचं काम. साबण त्यांच्याशी जुळून जो चिकट साका होतो तोच तोंडावर बसतो, आणि माणूस ‘अजून तेलकटच लागतंय’ म्हणून पुन्हा साबण लावतो. मी सांगितलेल्या घटकांचा असा साका धरत नाही, म्हणून बोअरच्या गावात तर त्यांची जास्तच गरज. खानापूरकडच्या वाचकांचं पावसाळ्यात बरं असतं, पागोळीचं पाणी मऊ. अथणी-रायबागकडच्यांनी मात्र ही बाटली नक्की हलवून बघावी.

नाकाच्या कडेचे पापुद्रे मला खटकलेत. ते कोरडेपणाने आलेत असं तू धरून चाललीस. तसं असेलही. पण नाकाची कड ही तेलाची जागा, तिथे पापुद्रे का सुटावेत? खालची कातडी लालसर आहे का, भुवयांत पण भुरभुर आहे का, डोक्यात कोंडा आहे का, ते बघ. तीन्हीला ‘होय’ म्हणालीस तर तो सेबोऱ्हेइक डर्मटायटिस असू शकतो, डोक्यातल्या कोंड्याचाच चेहऱ्यावरचा अवतार. तो फेसवॉश बदलून जात नाही आणि वर तेल-तूप चोपडून तर वाढतो. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं, आणि ते डॉक्टरांनी बघून द्यायचं असतं. महिनाभर हात धुवायचं लिक्विड बंद ठेवून, सौम्य धुऊनही पापुद्रे राहिले तर जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा विभागात जाऊन ये.

कपाळावर केसांच्या रेघेलगत बारीक दाणे असतील तर डोक्याला खोबरेल किती आणि कधी लावतेस ते बघ. सकाळी चोपून वेणी घालून निघालीस की ते तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं, आणि खोबरेल छिद्रं बुजवायला पटाईत. रात्री लाव, सकाळी केस धू. उशीचा अभ्राही धू.

आईला दुखवू नकोस. डाळीचं पीठ वाईट नाही, तेल शोषून घेतं. पण आई तुझ्या वयाची असताना पीठच लावायची, त्याच्यावर दिवसातून पाच वेळा लिक्विड नव्हती लावत. आठवड्यातून एकदा, गिरणीतून दळून आणलेलं जाडसर नव्हे तर कपड्यातून गाळलेलं पीठ, ताकात किंवा दुधात कालवून कपाळ-नाकाला लाव आणि ओलं आहे तोवरच धू. वाळून तडे जाऊ द्यायचे नाहीत. मुलतानी मातीचंही तेच, गालाला नको. लिंबू कशातही पिळायचं नाही. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, आणि लिंबू लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर काळे डाग पडतात. दाणेदार केशरी फेसवॉश चेहऱ्यासाठी बाद.

फोड येत असतील तरच सॅलिसिलिक ॲसिडचा विचार कर. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रांच्या तोंडापर्यंत पोहोचतं. फेसवॉशमध्ये 2 टक्क्यांपर्यंत असतं. आधी गाल बरे होऊ देत, मग एक दिवसाआड, फक्त कपाळ-नाक-हनुवटीला. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल त्यांनी वापरू नये, पोटुशी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश मात्र तुझ्या धंद्यात जपून, बाई. फोडांवर उपयोगी असतो, पण रंग उडवतो. टॉवेलवर, ब्लाउजच्या गळ्यावर पांढरे डाग पडतात. नीट न धुतलेल्या हाताने गर्द जांभळ्या साडीची घडी मोडलीस तर पगारातून कापून घेतील.

दुखणाऱ्या खोल गाठी, खड्डे पडायला लागलेले फोड, किंवा फोडांबरोबर पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस, असं कोणाचं असेल तर त्यांनी फेसवॉशच्या फळीपाशी वेळ घालवू नये. सरळ डॉक्टरकडे.

उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणारी पोरंही अधूनमधून लिहितात, त्यांच्यासाठी दोन ओळी. हाताचं ग्रीस काढायची पावडर तोंडाला लावू नका. काजळी आणि ग्रीस सौम्य फेसवॉशने दोनदा धुतलं तर निघतं, एकदा कडकने धुण्यापेक्षा हे बरं. आणि ज्यांचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय त्यांनी नवीन काही म्हणजे काहीही लावू नये.

नवा फेसवॉश आणलास की रविवारी, दुकानाला सुट्टी असेल तेव्हा, एकदा अशी परीक्षा घे. धुऊन टिपून घे, काही लावू नकोस, आणि अर्धा तास घरातलं काम कर. मग गालावर हात फिरव. ओढलं नाही, चुरचुरलं नाही, तर तो तुझा. ओढलं तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, तुझा नाही. कपाळावर अजून तासाभराने थोडं तेल आलं तर ते बरोबर आहे, त्यावरून नापास करू नकोस. दोन-तीन आठवडे तोच वापर, मधे बदलायचं नाही. काळा आणि हिरवा उरलेला पायाला लाव, नाहीतर दादाच्या शर्टाच्या कॉलरीला. मळ छान निघतो.

राहिली मैत्रिणीची ट्यूब. ती लावली नसशील तर लावू नकोस. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलंय का बघ. हे स्टिरॉइड. सोबत बहुतेक हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा होतो हे खरंच आहे, पण तीन-चार महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बारीक केस आणि फोड येतात, आणि क्रीम सोडली की आग होते म्हणून सोडवत नाही. असे चेहरे माझ्या काउंटरवर ओढणी गुंडाळून यायचे आणि तीच ट्यूब मागायचे. ती चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे, तरी मिळते. मैत्रीण बरेच दिवस लावत असेल तर तिला एकदम सोड म्हणू नकोस, डॉक्टरकडे घेऊन जा. सोडायचं ते त्यांच्या सांगण्याने. आणि ट्यूबवर काहीच वाचता येईना, किंवा घटकच छापलेले नसले, तर दोन्ही बाजूंचे शब्द जसे दिसतील तसे कागदावर उतरवून मला पाठव. टक्केवारीचे आकडेसुद्धा.

तुझी काकू